दोन सोनू, एक गाव: स्टारड्यू व्हॅलीतली नाती तपासायच्या नोंदी

2 जून

स्टारड्यू व्हॅली हा शेती करत एका गावात राहायचा व्हिडिओ गेम काल पहिल्यांदा उघडला. आपला माणूस बनवायच्या स्क्रीनवर मुलगा आणि मुलगी अशी दोन चिन्हं येतात, आणि मी तिथेच अडकले, कारण मला कळेना की यातलं एक निवडलं की पुढे नक्की काय काय बदलणार आहे. केसांचे सगळे प्रकार दोघांनाही मिळतात हे लगेच दिसलं. पण गावातली माणसं? ती वेगळं बोलतील का, वेगळी वागतील का? गावात लग्न करता येईल अशी 12 माणसं आहेत, 6 मुलगे 6 मुली, आणि तुम्ही मुलगा असा की मुलगी, यातल्या कोणाशीही लग्न करता येतं, एवढं मला आधीच माहीत होतं. पण लग्न करता येणं वेगळं आणि रोजच्या वागण्यात फरक असणं वेगळं, मला दुसरं बघायचंय.

म्हणून ठरवलं: दोन सेव्ह, म्हणजे एकाच गेमचे दोन वेगळे खेळ. एकात मुलगी, एकात मुलगा, बाकी कपडे, केस, शेत सगळं सारखं. दोघांनी रोज त्याच चौघांशी बोलायचं (हेली, शेन, लेआ, ॲबिगेल), भेटीही शक्यतो त्याच द्यायच्या, आणि जे जे बदलेल ते लिहायचं. कोणाला हेच करून बघायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचतील, म्हणून या नोंदी.

3 जून

पहिल्याच दिवशी घोळ. दोघांचं नाव मी सोनू ठेवलं, मुद्दाम, कारण ते दोघांनाही चालतं. शेताचं नावही एकच. केस, शर्ट, पँट सगळं एकच. आता लोड करायच्या स्क्रीनवर दोन सोनू एकाखाली एक, आणि चित्र इतकं बारीक की कोण कोण ते पटकन ओळखू येत नाही. रात्री गेममधले दोन दिवस मुलीच्या सेव्हमध्ये खेळले आणि मुलाच्या रकान्यात लिहिले.

दोन्ही सेव्ह टाकून दिले. नवीन केले, नाव सोनूच, पण मुलीच्या शेताचं नाव 'उत्तर' आणि मुलाच्या शेताचं 'दक्षिण'. यापुढे नोंदीत हीच नावं वापरतेय. दीड तास गेला. नाव एकच ठेवायचं असेल तर शेताचं नाव तरी वेगळं ठेवा.

6 जून

गेममधला पहिला आठवडा दोन्हीकडे संपत आला. सुरुवातीला 500 गोल्ड हातात आणि लुईसने दिलेल्या 15 पार्सनिपच्या बिया, त्यामुळे भेटीवर खर्च करायला काही नाहीच. फुकट मिळतं ते द्यायचं. हेलीला डॅफोडिल आवडतं आणि ते स्प्रिंगमध्ये (गेममधला पहिला ऋतू) रानात उगवतंच, म्हणून आठवड्याला दोन डॅफोडिल.

हेली पहिल्या भेटीत कपड्यांवरून टोचून बोलली, दोन्हीकडे. शेन पहिल्या भेटीत थेट म्हणाला की मी तुला ओळखत नाही, तू माझ्याशी का बोलतोयस, तेही दोन्हीकडे. म्हणजे पहिली छाप अशी की गाव गोड दिसतं, पण माणसं काही लगेच जवळ घेत नाहीत, आणि घेत नाहीत ती दोन्ही सोनूंना सारखीच.

हिशेब लिहून ठेवते, पुढे लागणार आहे. गावातल्या प्रत्येकाशी असलेली मैत्री हार्टमध्ये मोजतात, आणि एक हार्ट म्हणजे 250 पॉइंट. दिवसातून एकदा बोललं की 20. खूप आवडती भेट 80, नुसती आवडती 45, साधी 20, नावडती उणे 20, अगदी नकोशी उणे 40. भेट दिवसाला एक, आठवड्याला दोन. वाढदिवसाला दिलेल्या भेटीचे आठपट.

आता यात बघा, रोज नुसतं बोललं तर आठवड्याचे 140. दोन अगदी आवडत्या भेटी दिल्या तर 160. म्हणजे काहीही न देता रोज जाऊन दोन वाक्यं बोलणं हे जवळजवळ भेटींच्या बरोबरीचं आहे. मला हे फार आवडलं. मी पहिले चार दिवस भेट नाही म्हणून शेनकडे गेलेच नव्हते, ते 80 पॉइंट दोन्हीकडे बुडाले.

8 जून

उत्तरमध्ये हातात मासा धरलेला असताना हेलीशी बोलायला क्लिक केलं आणि मासा तिला भेट गेला. हेलीला कुठलाही मासा अजिबात चालत नाही. उणे 40. गेम विचारत नाही की नक्की द्यायचंय का. नशिबाने गेम फक्त रात्री झोपल्यावर सेव्ह होतो, म्हणून सेव्ह न करता बाहेर पडले आणि तो दिवस परत खेळले. एक दिवस म्हणजे घड्याळाने साधारण 14 मिनिटं.

उपाय: कोणाशी बोलायला जायच्या आधी खालच्या पट्टीतला रिकामा खण निवडायचा, नाहीतर कुऱ्हाड वगैरे हत्यार हातात घ्यायचं, हत्यार भेट म्हणून जात नाही. आणि कोणी बघत असताना कचऱ्याचा डबा उचकू नका, 25 पॉइंट जातात. फक्त लायनसला त्याचं काही वाटत नाही.

11 जून

हा दिवस माझ्या वहीवर गेला, गेमवर नाही, पण लिहिते कारण ही चूक मराठीत नोंदी ठेवणाऱ्या कोणाकडूनही होईल.

मी गेममधली वाक्यं मराठीत उतरवून घेत होते, धाकट्या बहिणीला वाचता यावं म्हणून. ती वाचायला बसली आणि म्हणाली, "ताई, उत्तरमधली सोनू मुलगी आहे ना? मग तिला 'तू आलास' कसं म्हणतायत?" बघितलं तर पहिल्या आठवड्याची सगळी वाक्यं मी पुल्लिंगीच लिहून ठेवली होती. वरची शेनची नोंदसुद्धा तशीच आहे, 'तू माझ्याशी का बोलतोयस', दोन्हीकडे. मूळ इंग्रजी वाक्यात तसं काही नाहीच. तिथे तू आलास आणि तू आलीस एकच.

मग मी उलट टोकाला गेले. उत्तरच्या रकान्यात सगळं स्त्रीलिंगी केलं, आणि संध्याकाळी 'फरक' मोजायला बसले तर 31 वाक्यं वेगळी निघाली. इतका आनंद झाला. दहा मिनिटांनी लक्षात आलं की हे 31 फरक गेमने केलेले नाहीत, मी केलेत. आलास-आलीस, दमलास-दमलीस, कुठे होतास-कुठे होतीस. मराठीत समोरच्याला ओळखायच्या आधीच तो की ती हे ठरवावं लागतं, आणि मी ते गेमच्या नावावर लावत होते.

आता पद्धत बदललीय: आधी मूळ वाक्य जसंच्या तसं, देवनागरीत उच्चार लिहून, आणि फरक फक्त त्यावरून मोजायचा. मराठी शेजारच्या रकान्यात, ते फक्त बहिणीसाठी. 31 मधले 2 उरले, दोन्ही नुसत्या हाक मारायच्या शब्दाचे. सगळं पुन्हा लिहायला चार तास.

14 जून

कोण काय काम करतं याची एक यादी करत होते. रॉबिन सुतारकाम करते, घर बांधायचं तर तिलाच सांगायचं. दुकान पिएरचं, सलून (केस कापायचं नाही, गावातला बार) गसचं. हार्वी डॉक्टर, मारू त्याच्या दवाखान्यात मंगळवार-गुरुवार मदतीला, पण खरी रमते ती यंत्रं जुळवण्यात. ॲबिगेलला गुहा आणि तलवारी आवडतात. म्हणजे कामाच्या बाबतीत गाव बऱ्यापैकी मोकळं आहे.

पण मंगळवारी पिएरच्या दुकानाच्या आतल्या बाजूला गेले तर तिथे व्यायामाचा क्लास चालू, कॅरोलाइन, जोडी, रॉबिन, मार्नी, एमिली, सगळ्या बायकाच. आणि शुक्रवारी संध्याकाळी सलूनमध्ये सॅम आणि सेबॅस्टियन पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळतात, ॲबिगेल शेजारच्या कोचावर बसून बघते. मी दोन्ही सेव्हमध्ये पुढचे दोन शुक्रवार मुद्दाम तिथे जाऊन उभी राहिले, तिच्या हातात काठी येते का बघायला. नाही आली. जी मुलगी अंधारात तलवार घेऊन जायला तयार आहे तिला पूलच्या टेबलाशी कोणी बोलवत नाही, हे मला खरंच लागलं. हा फरक खेळणाऱ्याच्या निवडीचा नाहीये, तो गावात आधीपासून आहे.

19 जून

गेमच्या कॅलेंडरवर स्प्रिंग 24. फ्लॉवर डान्स. इथे मी सगळ्यात मोठी चूक केली, म्हणून सविस्तर.

फ्लॉवर डान्सला मुली पांढऱ्या झग्यात, मुलगे निळ्या सूटमध्ये, आणि गावातल्या जोड्या ठरलेल्या, एक मुलगा एक मुलगी. आपण कोणालाही विचारू शकतो, पण त्या व्यक्तीबरोबर 4 हार्ट हवेत. आधी दक्षिण खेळले. मुलगा सोनूने हेलीला विचारलं, ती हो म्हणाली, नाचले, छान वाटलं. मग उत्तर. मुलगी सोनूने हेलीला विचारलं. नाही म्हणाली.

मी परत विचारलं. नाही.

रात्री वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: 'सापडला. लग्न सगळ्यांशी होतं पण चारचौघांत नाचायला नाही म्हणतात.' मला राग आला होता आणि खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटलं होतं, की एवढ्या दिवसांच्या कष्टाचं काहीतरी हाती लागलं. मैत्रिणींना पाठवायला परिच्छेद पण लिहून तयार.

बहिणीने फक्त एवढंच विचारलं, "दोघांचे हार्ट किती होते?"

दक्षिणमध्ये 4. उत्तरमध्ये 3.

20 जून

मग एक हार्ट गेला कुठे ते शोधलं. हेलीचा वाढदिवस स्प्रिंग 14. दक्षिणमध्ये त्या दिवशी तिला डॅफोडिल दिलं होतं, 45 चे आठपट 360. उत्तरमध्ये 13 तारखेला एग फेस्टिव्हल झाला, दुसऱ्या दिवशी मी दिवसभर शेतात रताळी खणावीत तसे पार्सनिप काढत बसले आणि वाढदिवस विसरले. पुढे नेहमीप्रमाणे आठवड्याच्या दोन भेटी दिल्याच, पण साध्या दराने.

आकडे मांडले. साधारण 22 दिवस बोलणं म्हणजे 440. दक्षिणला सात डॅफोडिलचे 315 आणि वाढदिवसाचे 360, एकूण 1115, म्हणजे 4 हार्ट. उत्तरला आठ डॅफोडिलचे 360, एकूण 800, म्हणजे 3. डान्सला लागतात 1000.

तर हेलीने मुलीला नाही म्हटलं नव्हतं. वाढदिवस विसरणाऱ्या माणसाला नाही म्हटलं होतं.

तो परिच्छेद पुसला. पाठवला नव्हता हे चांगलं झालं. पण नुसत्या हिशेबावर मान्य करायला मन तयार होईना, ते डोळ्यांनी बघायचं होतं. अडचण अशी की जुना सेव्ह नव्हता. गेम रोज रात्री त्याच फाइलवर लिहितो, त्यामुळे स्प्रिंग 14 ला परत जायचं तर पहिल्यापासूनच.

23 जून ते 28 जून

उत्तरचा स्प्रिंग पूर्ण परत खेळले. सात तास. यावेळी पिएरच्या दुकानाबाहेरच्या भिंतीवर जे कॅलेंडर आहे त्यावरून सगळे वाढदिवस वहीत आधी उतरवले (आधी का नाही केलं याला उत्तर नाही). 14 तारखेला सकाळी सगळ्यात आधी हेलीच्या घरी, हातात डॅफोडिल.

24 ला विचारलं. हो म्हणाली.

मुलगी सोनू आणि हेली नाचल्या, आजूबाजूला ठरलेल्या मुलगा-मुलगी जोड्या, आणि गावातल्या एकानेही त्यावर एक शब्द काढला नाही. डान्समध्ये मिळतो तो एक हार्टही मिळाला, दक्षिणइतकाच. मी स्क्रीनसमोर बराच वेळ नुसती बसून होते. बहिणीला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली, "बघ, म्हटलं होतं ना."

आता दर रविवारी दोन्ही सेव्हचे फोल्डर कॉपी करून तारीख टाकून ठेवतेय. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कोणी हे करणार असेल तर पहिल्या दिवसापासून करा.

3 जुलै

शेनबद्दल. हे लिहायला मला वेळ लागला.

शेन मार्नीकडे राहतो, जोजामार्टमध्ये काम करतो, संध्याकाळी सलूनमध्ये उभा असतो आणि पितो. त्याला अगदी आवडणाऱ्या भेटी चार: बिअर, तिखट मिरची, पेपर पॉपर्स, पिझ्झा. स्प्रिंगमध्ये मिरची नसते, पण बिअर सलूनमध्ये 400 गोल्डला केव्हाही मिळते. दक्षिणमध्ये मी तेच केलं, आठवड्याला दोन बिअर, 20 तारखेला त्याच्या वाढदिवसालाही बिअर, एका झटक्यात 640 पॉइंट. हार्ट भराभर वर. एकूण 8 बिअर, 3,200 गोल्ड, स्प्रिंगच्या मानाने हा खूप मोठा खर्च आहे, त्या पैशात बियाणं किती आलं असतं.

उत्तरमध्ये पैसे नव्हते म्हणून नुसतं बोलत राहिले.

आठवी बिअर देताना बहीण शेजारी होती. "ताई, तो आधीच रोज पितो, त्यात तू आणून देतेस, आणि तो तुझा जास्त चांगला मित्र होतोय?" मी म्हटलं, गेममध्ये तसं आहे. ती गेली. मी मात्र दुसऱ्या दिवशी बिअर विकत घ्यायला गेले आणि काउंटरपाशी थांबून परत आले.

9 जुलै

समर लागला. पिएरकडे मिरचीचं बी 40 गोल्डला एक. पाच दिवसांत मिरची लागते आणि मग दर तीन दिवसांनी येत राहते. दोन्ही शेतांत सहा-सहा रोपं लावली, 240 गोल्ड. बिअर एकीला 400 होती हे लक्षात घ्या. पॉइंट तेवढेच, 80.

सकाळी मार्नीच्या घराबाहेर उभं राहायचं, शेन कामावर निघाला की हातात मिरची. एक रोप कावळ्याने खाल्लं कारण बुजगावणं लावायचं राहिलं, ते लावा.

17 जुलै

दक्षिणमध्ये शेनचे 6 हार्ट केव्हाच झाले होते. आज गेममध्ये पाऊस होता, रानात शिरले आणि ते दृश्य लागलं. तो कड्याच्या टोकाशी पालथा पडलाय, आजूबाजूला बिअरचे डबे. जगण्याबद्दल जे बोलतो ते इथे लिहीत नाही, कोणाला त्रास होईल असं आहे, आणि ज्यांना असे विषय जड जातात त्यांनी शेनची वाट धरायच्या आधी हे माहीत असू द्या. शेवटी त्याला हार्वीच्या दवाखान्यात नेतात आणि समुपदेशकाची गोष्ट निघते.

ते डबे बघून मला माझ्या आठ बाटल्या आठवल्या. गेमने त्या मोजलेल्या नाहीत, पॉइंट दिले आणि विसरला. उत्तरमध्ये हेच दृश्य बरंच उशिरा आलं, तिथल्या सोनूने आयुष्यात एकही बिअर दिलेली नव्हती, आणि दृश्य तेच, वाक्यं तीच. मुलगा-मुलगी या रकान्यात फरक शून्य. मी वहीत बाजूला एक नवीन रकाना केला, 'मला काय वाटलं', आणि तिथे लिहिलं की दक्षिणमध्ये मी त्याची मैत्री विकत घेतली आणि उत्तरमध्ये कमावली.

एक चांगली गोष्ट: एक मुलगा दुसऱ्या मुलाला दवाखान्यात घेऊन जातो, त्याचं ऐकून घेतो, आणि तिथे कोणीही 'पुरुषासारखा वाग' वगैरे म्हणत नाही. हे दक्षिणमध्ये बघताना मला जास्त भिडलं.

शेन आणि एमिली 2016 च्या फेब्रुवारीत गेम आला तेव्हा लग्नाच्या यादीत नव्हतेच, त्याच वर्षी ऑक्टोबरच्या 1.1 अपडेटमध्ये आले.

26 जुलै

लेआ. तिचा केल नावाचा एक जुना जोडीदार आहे, शहरातला, ज्याला ती सोडून आलीय. आता गंमत अशी की केल मुलगा की मुलगी हे तुम्ही स्वतः कोण आहात त्यावर ठरतं. उत्तरमध्ये केल मुलगी, दक्षिणमध्ये मुलगा. एवढ्या महिन्यांत हाक मारण्यापलीकडे सापडलेला हा पहिला खरा फरक, आणि तो आपल्याशी बोलण्यात नाही, तिच्या भूतकाळात आहे.

यावर मी दोन दिवस विचार करतेय. एका बाजूने हे फार मायेनं केलंय असं वाटतं, म्हणजे तुम्ही कोणीही असा, लेआ तुमच्यासारख्या माणसावर आधी प्रेम करून बसलेली आहे, तुम्हाला शंका घ्यायला जागाच नाही. दुसऱ्या बाजूने, मग लेआ स्वतः कोण? तिला कोण आवडतं हे तिचं नाही, माझ्या पहिल्या स्क्रीनवरच्या एका क्लिकचं आहे. बाराच्या बारा जणांचं तसंच. गावात 'मला मुली नाही आवडत' किंवा 'मला मुलगे नाही आवडत' असं म्हणणारं कोणी नाही. नकार मिळतो तो हार्ट कमी म्हणून. खेळणाऱ्या म्हणून मला ते हवं आहे, शंभर टक्के, पण त्या बारा जणांसाठी मला थोडं वाईट वाटतं. ज्यांच्यापासून या प्रकारचे गेम सुरू झाले त्या 1996 च्या हार्वेस्ट मूनमध्ये मुलगाच व्हायचं आणि पाच मुलींतली एक निवडायची एवढंच होतं, तिथून इथवर येणं लहान नाही.

प्रेमच नको असेल त्यांच्यासाठी क्रोबस आहे. 1.4 पासून त्याला घरी राहायला आणता येतं, नुसता सोबती म्हणून. माझ्या यादीत तो नव्हता, असायला हवा होता.

2 ऑगस्ट

एक शॉर्टकट मला फार उशिरा कळला. विझार्डबरोबर, म्हणजे तिथल्या जादूगाराबरोबर, 4 हार्ट झाले की त्याच्या मनोऱ्याचं तळघर उघडतं, तिथल्या एका देव्हाऱ्यापाशी 500 गोल्ड देऊन आपलं रूप बदलता येतं, मुलगा-मुलगी हेसुद्धा. म्हणजे अर्ध्या गोष्टी तपासायला दोन सेव्ह लागलेच नसते. पहिल्या भेटी आणि पहिले फेस्टिव्हल तपासायचे तर दोन सेव्ह हवेतच, पण समरनंतरचं सगळं एका सेव्हमध्ये झालं असतं. माझे किमान दहा तास वाचले असते.

9 ऑगस्ट

फॉल, म्हणजे समरनंतरचा पानगळीचा ऋतू. हेलीला आता सूर्यफुलं, तिला ती अगदी आवडतात. बी महाग आहे पिएरकडे, 200 गोल्डला एक, आठ दिवस लागतात, पण फुलं समर आणि फॉल दोन्हीत येतात. समरमध्येच लावून पेटीत साठवली होती ती कामाला आली.

8 हार्टला येऊन दोन्हीकडे अडकले. तीन दिवस मला वाटत होतं की गेम बिघडला, हार्ट पुढे जाईना. तसं नाहीये, लग्नाच्या यादीतल्या कोणाचेही हार्ट 8 वर थांबतात, पिएरकडून 200 गोल्डचा बुके घेऊन दिला की पुढचे दोन उघडतात. बुके दोन्हीकडे दिला. दोन्हीकडे घेतला.

इथे सावध करते: 6 मुलींना बुके देऊन सगळ्यांना 10 हार्टला नेलं तर त्या हेलीच्या घरी तुम्हाला गाठून जाब विचारतात. मुलांचं तसंच, ते सलूनमध्ये. म्हणजे फसवणुकीचा हिशेबही गाव मुली वेगळ्या आणि मुलगे वेगळे असाच लावतं, आणि जाब विचारायची जागासुद्धा मुलींची घर, मुलग्यांची सलून.

16 ऑगस्ट

दक्षिण इथे थांबवला. जेवढा तपासायचा होता तेवढा झाला, फरकांची यादी दीड पान आहे आणि त्यातलं बरंचसं गावातलं जुनं आहे, आपल्या निवडीने आलेलं फार थोडं. उत्तर मात्र सोडवत नाहीये. 10 हार्ट झालेत. हेली आता कपड्यांवरून बोलत नाही, कॅमेरा घेऊन फिरते, फोटो काढते, आणि मला रोज सकाळी तिच्याकडे जायची सवय लागलीय, पॉइंट लागत नसले तरी.

21 ऑगस्ट

लग्नासाठी मर्मेड्स पेंडंट लागतं, 5,000 गोल्ड, समुद्रकिनाऱ्यावर पावसाच्या दिवशी येणाऱ्या म्हाताऱ्या खलाशाकडून. आधी घर एकदा वाढवलेलं हवं, 10,000 गोल्ड आणि 450 लाकडं, रॉबिनला तीन दिवस लागले. ते झालं. आज गेममध्ये पाऊस पडला, 5,000 घेऊन किनाऱ्यावर धावत गेले, खलाशी पलीकडच्या बाजूला उभा दिसतोय, आणि मध्ये तुटलेला पूल. दुरुस्तीला 300 लाकडं. सगळी लाकडं घरात गेली होती, पेटीत 41.

संध्याकाळपर्यंत झाडं तोडली, तरी 190 च्या पुढे जाईना, आणि ताकद संपली. पाऊस गेला. हिवाळ्यात पाऊस पडत नाही, म्हणजे फॉलचे जेवढे दिवस उरलेत त्यातच व्हायला हवं, नाहीतर थेट पुढचा स्प्रिंग. पूल आधी बांधा, पेंडंटचा विचार नंतर.

24 ऑगस्ट

पूल झाला. 300 लाकडं मोजून दिली. फॉलचे 4 दिवस उरलेत. दोन दिवस कोरडे गेले.

आज रात्री झोपायच्या आधी टीव्हीवर हवामान लावलं. उद्या पाऊस. बहीण म्हणाली, मला उठव, मला बघायचंय. 5,000 गोल्ड बाजूला काढून ठेवलेत, खालच्या पट्टीत पहिला खण रिकामा ठेवलाय, आणि फोल्डर कॉपी केलाय.